म्हसोबाच्या यात्रेला गेलो आणि पडवीत जेवलो

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा गावी यात्रा भरते. बैलबाजार बघू, घोंगडी घेऊ म्हणून ठाण्याहून निघालो. धूळ, भोंगे, चेंगराचेंगरी. घोंगडी मिळाली, बैल लांबूनच पाहिले.

दुपारी मैत्रिणीने जवळच्या गावात तिच्या चुलतकाकूंकडे जेवायला नेलं. काका वारले, मुलं कल्याणला. घर रिकामं झाल्यावर काकूंनी पुढच्या पडवीचा कूड काढून विटांची भिंत घातली आणि गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथे आसरा दिला. ट्रस्ट सोडाच, दारावर साधी पाटीही नाही.

दिवाळी सरली की कातकरी वाडीतली घरंच्या घरं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्याने विटा थापवत नाहीत ते मागे उरतात. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आहेत, पण माती तुडवून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही. मग काकू एकेकाला एसटीत घालून मुरबाडला खेपा मारतात. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गमावलेल्या अहिल्याबाईंनी काशी-गयेपर्यंत अन्नछत्रं, धर्मशाळा उभारल्या, त्यांच्यामागे होळकरांची खासगी, घराण्याची स्वतःची दौलत, होती. काकूंची खासगी म्हणजे घरामागची भातखाचरं.

मी "केवढं पुण्याचं काम" वगैरे सुरू केलं, तर काकूंनी तोडलंच. "पुण्य कसलं? माझी लावणी जल्मभर ह्यांनीच केली ना?"

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वाढदिवसाचा केक आणि बॅनर घेऊन अन्नदानाचे फोटो काढणारे एकदा येऊन गेलेत. त्यांच्या थर्माकोलच्या ताटल्या अजून बांधावर पडल्यात.

पाहुणी म्हणून मला आत टेबलावर बसवतील असं वाटलं होतं. काकूंनी पंगतीतच पाट दाखवला. भात, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. शेजारची म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"तुला पन कोन नाय का गं?"

"आहेत की. नवरा, मुलगा."

"मंग कुठं हायत?"

"मुलगा बंगळुरूला नोकरीला. नवरा कामासाठी सुरतला, महिना झाला."

तिने मान हलवली आणि आत हाक मारली, "बाय, हिला भात वाढ अजून. हिची पन भट्टीवर गेल्यात."