टाइप करणारी मुलगी सर्व्हरला दिसत नव्हती

एका शिक्षणसंस्थेच्या शिष्यवृत्तीची अर्जप्रणाली देखभालीसाठी आमच्या टीमकडे आली, तेव्हा तिच्यासोबत तक्रारींचा ढीगही आला. बहुतेक तक्रारी एकाच साच्याच्या होत्या. ‘सगळं भरलं, “जमा करा” दाबलं, लॉगिनचं पान आलं. पुन्हा आत गेलो तर अर्ज कोरा.’ पुण्यात ऑफिसात बसून आम्ही तोच अर्ज भरायचो तेव्हा तो बिनतक्रार जमा व्हायचा. नावाच्या जागी ‘अबक’ आणि निबंधाच्या जागी चार अक्षरं टाकून दहा मिनिटांत मोकळं होणाऱ्याला हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे सर्वाधिक फोन जिथून येत होते, त्या जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सेवा केंद्रावर मी जाऊन बसले.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही मधी काही सांगू नका. नुसतं बघत बसा, म्हंजे कळंल तुम्हाला.”

बारावी झालेली एक मुलगी वडिलांसोबत आली होती. लॉगिनचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर आला. तो सांगून ते पासबुकाची झेरॉक्स काढायला बाहेर गेले. मुलगी टायपायला बसली. नाव, पत्ता, गुण पटापट झाले. मग आला ‘कुटुंबाची परिस्थिती ३०० शब्दांत लिहा’ हा रकाना. मराठी टायपिंगची तिला सवय नव्हती. जोडाक्षर अडलं की ती ताईंकडे बघायची. एक वाक्य लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. आईच्या आजारपणाबद्दल लिहिताना तर बराच वेळ थांबली. तिकडे उत्पन्नाचा दाखला २०० केबीत बसत नव्हता म्हणून ताई तो दुसऱ्या मशीनवर लहान करत होत्या. सगळं एका लयीत चाललं होतं आणि कुणीही वेळ वाया घालवत नव्हतं.

माझ्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या नेटवरून, सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही, उघडा होता. त्यात तिच्या नावावर पान उघडल्याची नोंद होती आणि त्यानंतर काहीच नाही. माझ्यासमोर मुलगी सलग टाइप करत होती आणि सर्व्हरच्या लेखी ती केव्हाच उठून गेली होती.

तांत्रिक कारण साधं आहे, पण ते त्या खोलीत बसेपर्यंत मला इतकं टोचलं नव्हतं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यांना मागचं काही आठवत नाही. ओळख टिकते ती ब्राउझरमधल्या कुकीमुळे (ओळखीची छोटी चिठ्ठी) आणि सर्व्हरवरच्या सेशनमुळे (त्या लॉगिनची तात्पुरती नोंद). सर्व्हर शेवटची विनंती कधी आली तेवढंच बघतो. कळफलकावरची बोटं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. टॉमकॅट या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये सेशनची मुदत मुळात ३० मिनिटं असते आणि इथे तिला कुणी हात लावला नव्हता.

अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेल्यावर ताईंनी शिकवल्याप्रमाणे मुलीने ‘मसुदा जतन करा’ दाबलं. हिरवी पट्टी आली, ‘मसुदा जतन झाला’. त्याच क्षणी लॉगमध्ये दोन ओळी उमटल्या. मसुद्याच्या विनंतीला ३०२, लगेच लॉगिनच्या पानाला २००.

सेशन संपल्यामुळे सर्व्हरने विनंती लॉगिनच्या पानाकडे वळवली होती. ब्राउझरमधली फेच, म्हणजे पान न बदलता विनंती पाठवणारी सोय, अशा वळणावर आपणहून पुढे जाते. तिला लॉगिनचं पान मिळालं, २०० ही यशाची खूण मिळाली आणि कोडने तेवढं बघून हिरवी पट्टी दाखवली. मसुदा कुठेही जतन झाला नव्हता. अर्ज गहाळ होणं वाईट आहेच, पण ‘जतन झाला’ हे वाचून निर्धास्त झालेल्या मुलीचं लिखाण जाणं मला त्याहून गंभीर वाटतं.

तिथे मात्र मी गप्प बसले नाही. तिला थांबवलं आणि निबंध नोटपॅडमध्ये उतरवून घेतला. मग पुन्हा लॉगिन. ओटीपी वडिलांच्या फोनवर आणि वडील झेरॉक्सच्या रांगेत. त्यांना शोधायला ताईंचा मुलगा पळाला. मुलगी पाणी प्यायला उठली तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येऊन त्याच खुर्चीत बसलं आणि पडद्यावर तिचा खातेक्रमांक तसाच उघडा होता.

त्यामुळे पुण्यात परतल्यावर ‘मुदत आठ तास करून टाकू’ ही सूचना आली तेव्हा मी ठाम विरोध केला. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या मार्गदर्शनात कमी जोखमीच्या प्रणालींना १५ ते ३० मिनिटं आणि जास्त जोखमीच्यांना २ ते ५ मिनिटं निष्क्रियतेची मुदत सुचवलेली आहे. ते आकडे उगाच आलेले नाहीत. सामायिक मशीनवर लांब मुदत म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती मागच्याची कागदपत्रं.

मुदत आम्ही ३० मिनिटंच ठेवली, पण ‘निष्क्रिय’ कुणाला म्हणायचं ते बदललं. गेल्या काही मिनिटांत कळ दाबली गेली असेल तरच पान दर पाच मिनिटांनी मसुदा सर्व्हरवर पाठवतं आणि त्यासोबत मुदत पुढे सरकते. पान नुसतं उघडं आहे म्हणून सर्व्हरला जागं ठेवणारी सोय मुद्दाम टाळली, कारण तिच्यामुळे रिकाम्या खुर्चीचं सेशनही संपत नाही. डेटाच्या विनंतीला आता वळण न देता सरळ ४०१, म्हणजे ‘आधी लॉगिन करा’ असा नकार, मिळतो. सर्व्हरने मसुद्याचा क्रमांक परत दिला तरच हिरवी पट्टी दिसते, तीही वेळेसकट.

मुदत संपण्याच्या दोन मिनिटं आधी सूचना येते. वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठीची डब्ल्यूसीएजी मानकं किमान २० सेकंद मागतात, पण मान वर करून, वाचून, बटण शोधायला इथे तेवढी पुरणार नाहीत. या सूचनेनेच आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. लॅपटॉप झोपला की पानातला टायमरही थांबतो आणि मागे गेलेल्या टॅबचे टायमर क्रोम मंद करतो. म्हणून मोजणी सोडून घड्याळाशी तुलना केली. जागं झाल्यावर पान सर्व्हरला ‘किती वेळ उरला?’ विचारतं, तर त्या विचारण्यानेच सेशनची मुदत वाढायची! शेवटी मुदतीची वेळ टॉमकॅटच्या हिशेबाबाहेर, वेगळी नोंदवावी लागली.

तरीही सेशन संपलंच, तर पान हलत नाही. अर्जावर पडदा येतो, मजकूर झाकला जातो आणि तिथेच ओटीपी मागितला जातो. मजकूर फक्त त्या पानाच्या स्मृतीत राहतो. ब्राउझरच्या कायमच्या साठ्यात तो ठेवायला मी नकार दिला, कारण मशीन ताईंचं आहे, मुलीचं नाही. दुसऱ्याच मोबाइल क्रमांकाने लॉगिन झालं तर पान स्वतःला पुसून टाकतं.

कोऱ्या अर्जाच्या तक्रारी त्यानंतर थांबल्या. ओटीपीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो रानात गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, तिथे दुसऱ्यांदा लॉगिन म्हणजे अर्धा दिवस. विद्यार्थ्यांना ओटीपीसोबत स्वतःचा पासवर्डही ठेवता यावा, असा प्रस्ताव मी संस्थेकडे दिला आहे आणि पुढच्या प्रवेशाच्या हंगामाआधी त्यावर निर्णय व्हावा म्हणून मी मागे लागले आहे.