मेरिटला आलेलं मशीन

आमच्या घरात दहावीला मेरिटला कुणीच आलं नाही, पण मेरिट घरात होतं. खिडकीशी ठेवलेलं, काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि ऐन दर्शनी भागावर ऐटीत लिहिलेलं नाव: मेरिट. लहानपणी मला वाटायचं, शिवणाच्या मशीनचीही बोर्डाची परीक्षा होत असणार आणि हे यादीत आलं असणार. आईने ते हप्त्यांनी घेतलं होतं. हप्ते फिटेपर्यंत त्याच्या पायट्यावर बसून झोके घ्यायला आम्हाला बंदी होती, आणि फिटल्यावर ती बंदी कायमची झाली.

पुष्कळ वर्षांनी कळलं, की मेरिट हे सिंगर कंपनीचंच इथलं नाव, आणि त्याचा गुणवत्ता यादीशी काडीचा संबंध नाही. कंपनीच्या मूळ पुरुषाचं नाव आयझॅक मेरिट सिंगर. मधलं नाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वडील येतात, त्यामुळे काही दिवस मी मनातल्या मनात सिंगरच्या वडिलांना मेरिटराव म्हणत होते. तेही खरं नव्हतं. वडिलांचं नाव ॲडम.

तर ते मशीन आता माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. वर्षातून चारदा उघडतं. परवा उशीचे अभ्रे शिवायला घेतले आणि दुसऱ्याच अभ्र्याला सुई तुटली. कशी तुटली ते सध्या राहू दे. डब्यात नवी सुई होती, ती बसवली, दोरा ओवला, टीप मारली, तर टाकाच पडेना. वरचा दोरा कापडावर नुसता लोळत होता. मग मी ते केलं जे टाका न पडणारी प्रत्येक बाई करते: दोऱ्याचा ताण ठरवणारा टेन्शनचा स्क्रू पिळला. आधी घट्ट, मग सैल, मग पुन्हा घट्ट. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून परत भरली. मशीनला तेल पाजलं. तेल अभ्र्यावर सांडलं. शेवटी मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना फोन केला.

काका आले, त्यांनी पायट्याला पाय लावलाच नाही. सुईखालची सरकती पत्र्याची पट्टी बाजूला केली आणि वरचं चाक हाताने, अगदी सावकाश, आपल्या बाजूला फिरवलं. एकदा. मग सुई काढून अंगठ्याच्या नखावर फिरवली आणि म्हणाले, "ताई, सुई उलटी बसवलीय."

माझा विश्वास बसेना. सुईला उलटं-सुलटं काय असतं? टोक खाली, एवढं तर मलाही कळतं.

मग त्यांनी दाखवलं. मशीनच्या सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत खोल चर असतो. दुसऱ्या अंगाला तसा चर नसतो, उलट नेढ्याच्या जरा वर सुई किंचित खरवडल्यासारखी असते. सुई कापडात शिरते तेव्हा दोरा चरात लपून खाली जातो. ती वर निघाली की चरातला दोरा तिच्याबरोबर बिनबोभाट निघतो, पण पलीकडच्या अंगाचा दोरा कापडाला घासतो, अडखळतो, मागे राहतो आणि फुगतो. तांदळाच्या कणीएवढा फासा. काकांनी सुई सुलटी बसवली, चाक पुन्हा सावकाश फिरवलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. फासा फुगला, आणि त्याच क्षणी मशीनच्या पोटातल्या, बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलची चोच त्यात शिरली, फासा रुंदावत बॉबिनच्या डबीवरून अलगद पलीकडे उतरला, आणि वरच्या दांड्याने दोरा खेचून घेतला. टाका पडला. पस्तीसएक वर्षं हे मशीन मी पाहतेय, त्याचा टाका पडताना पहिल्यांदा पाहिला. सुई उलटी असली तर फासा नको त्या बाजूला फुगतो आणि चोच रिकामीच फिरते. बिचारा टेन्शनचा स्क्रू यात कुठेच नाही.

काका पैसे घेऊन गेले आणि मी अभ्रे तसेच टाकून चाकच फिरवत बसले.

हाताने शिवताना आपण काय करतो? सुई या बाजूने खुपसतो, त्या बाजूने ओढून काढतो, सगळा दोरा तिच्या मागोमाग जातो. म्हणून नेढं मागच्या टोकाला. शिवणयंत्राच्या मागे लागलेल्या लोकांनी कित्येक वर्षं हीच नक्कल केली. दोन्हीकडे टोक आणि मधोमध नेढं अशा सुया केल्या, म्हणजे सुई न वळवता इकडून तिकडे जाईल. बोस्टनच्या एलायस हाऊनेही आधी हाच घाट घातला होता. मशीनला सुई कापडापार न्यायची गरजच नाही, तिने नुसतं डोकावून परत यायचं, आणि त्यासाठी नेढं टोकाशी हवं, हे सुचायला हाताची आठवण पुसावी लागते. हाऊला ते स्वप्नात सुचलं, रानटी लोकांच्या भाल्यांच्या टोकांना भोकं दिसली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट इतकी बेतशीर आहे की मला ती खरी वाटत नाही.

शिवाय हाऊच्या आधी हे एकाला सुचलं होतंच. न्यूयॉर्कचा वॉल्टर हंट. 1830 च्या दशकात त्याने टोकाशी नेढं असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका घालणारं यंत्र करून ठेवलं होतं. पेटंट मात्र घेतलं नाही. असं सांगतात की त्याची मुलगी म्हणाली, बाबा, यामुळे शिवणावर पोट भरणाऱ्या बायका देशोधडीला लागतील. भीती काही पोकळ नव्हती. 1831 मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी बार्तेलेमी तिमोनिएच्या कारखान्यात घुसून सैनिकांचे गणवेश शिवणारी त्याची 80 यंत्रं मोडून टाकली होती. हंट भला माणूस असावा, किंवा कंटाळा आला की दुसऱ्या कामाला लागणारा. 1849 मध्ये त्याने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि 400 डॉलरना विकूनही टाकलं. आपल्या आयांच्या मंगळसूत्राला जन्मभर लटकलेल्या त्या पिनांचा हा जनक. शिवण उसवली की पिन लावायची, म्हणजे दोन्हीकडून हंटच.

हाऊने 1846 मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी बोस्टनच्या एका कपड्यांच्या कारखान्यात त्याने पाच शिवणाऱ्या बायकांशी पैज लावली होती. प्रत्येकीला एकेक शिवण, त्याला एकट्याला पाच, आणि तरी तोच आधी उठला. मिनिटाला 250 टाके. पण हे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी त्या यंत्राकडे नीट बघायला हवं. त्यात कापड आडवं नसायचंच. एका धातूच्या पट्टीला टाचण्या बसवलेल्या, त्यांना कापड टोचून उभं टांगायचं. सुई वाकडी आणि तीही आडवी चालणारी. टाक्यागणिक पट्टी पुढे सरकायची. पट्टी संपली की काम बंद, कापड उतरवा, पट्टी मागे आणा, पुन्हा टोचा. वळणाची शिवण नाही, बाही नाही, गळा नाही. अभ्रा शिवला असता, तोही प्रत्येक कोपऱ्याला उतरवून.

म्हणजे हाऊने सुईच्या बाबतीत हाताला विसरून दाखवलं, पण कापड त्याने गच्च धरून ठेवलं. घोड्याला खुंट्याला बांधून पळवल्यासारखं.

ते सोडवलं ॲलन विल्सन नावाच्या माणसाने, आणि हे माझं सगळ्यात लाडकं काम. हे बघायला दुरुस्तीवाला लागत नाही. मशीनचा कापड दाबणारा पाय उचला, कापड काढून घ्या आणि चाक सावकाश फिरवा. सुईच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या फटींतून दातेरी पट्ट्या डोकावतील. वर येतील, पलीकडे जातील, खाली बुडतील, बुडालेल्या अवस्थेत अलीकडे येतील, आणि पुन्हा वर. वर, पलीकडे, खाली, अलीकडे. दात वर असताना सुई कापडाबाहेर, आणि सुई कापडात शिरते तेव्हा दातांनी कापड सोडलेलं. दर टाक्याला धरायचं आणि दर टाक्याला सोडायचं. 1854 चं पेटंट आहे. आज शंभर मजली कारखान्यात चालू असलेल्या मशीनमध्येही तत्त्व हेच. (शंभर मजली कारखाना मी पाहिलेला नाही, पण असला तरी तत्त्व हेच असेल.)

दोन टाक्यांच्या मधे कापड मोकळं असतं, म्हणूनच तर गळा गोल येतो. कोपऱ्यावर आलं की सुई कापडात रोवलेली ठेवायची, पाय उचलायचा, कापड तिच्याभोवती गर्रकन फिरवायचं, पाय टाकायचा आणि पुढे. हे मी नववीत शिकले तेव्हा माझ्यासाठी ती निव्वळ जादू होती.

आता सिंगर. माणूस काही सज्जन नव्हता. आधी फिरत्या नाटकमंडळीतला नट, एकाच वेळी एकाहून जास्त संसार, वीसहून जास्त मुलं. 1850 मध्ये बोस्टनच्या ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात दुरुस्तीला आलेलं एक शिवणयंत्र त्याने पाहिलं आणि म्हणाला, याहून बरं मी करतो. सुई उभी, सरळ. कापड आडव्या टेबलावर. वरून दाबणारा स्प्रिंगचा पाय. पेटंट मिळालं 12 ऑगस्ट 1851 ला. गंमत म्हणजे विल्सनच्या फिरत्या हुकाचं, म्हणजे शटलऐवजी फासा पकडणाऱ्या आकड्याचं, पेटंटही त्याच तारखेचं.

सिंगरने पुढे सांगितलेली त्या पहिल्या यंत्राची हकीकत मला परवापासून जवळची झालीय. झीबर नावाच्या भागीदाराने दिलेले 40 डॉलर, अकरा दिवस रात्रंदिवस काम. अकराव्या रात्री यंत्र जुळलं आणि टाकाच पडेना. कारागीर कंटाळून एकेक करून निघून गेले. झीबर दिवा धरून, सिंगर खटपट करतोय. मध्यरात्री दोघं हरून मुक्कामाकडे निघाले आणि वाटेत फळ्यांच्या ढिगावर टेकले. झीबर सहज म्हणाला, कापडाच्या वरच्या बाजूला दोऱ्याचे सैल फासे येत होते ते पाहिलंस का? आणि सिंगरच्या डोक्यात उजेड पडला: सुईच्या दोऱ्याला ताण द्यायचा राहूनच गेला होता. परत गेले, टेन्शन लावलं, पाच टाके अगदी बिनचूक पडले आणि दोरा तुटला. त्याला पाच पुरे होते.

त्याच्या बाबतीत तो खरोखर टेन्शनचाच दोष होता, माझ्या बाबतीत नव्हता. एवढाच काय तो आमच्यातला फरक.

गांधीजींचं यंत्रांबद्दलचं मत आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण 1924 मध्ये त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला, आणि तोही सिंगरचं नाव घेऊन. बायको हाताने शिवून शिवून दमते हे पाहून तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने यंत्र केलं, असं ते म्हणाले. सिंगर आणि बायकोवरचं प्रेम! नेमकी कुठली बायको, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. ही गोष्ट खरं तर हाऊला शोभली असती. तो आजारी आणि कफल्लक, बायको रात्री लोकांचं शिवण घेऊन घर चालवते, आणि तो खाटेवरून तिच्या हाताकडे बघत राहतो, असं त्याच्याबद्दल सांगतात. पैसा आला तेव्हा ती राहिली नव्हती.

एकाकडे सुई, दुसऱ्याकडे दाते, तिसऱ्याकडे पाय, आणि प्रत्येकजण दुसऱ्यावर फिर्याद लावून बसलेला. शेवटी 1856 मध्ये सगळ्यांनी आपापली पेटंटं एकत्र टाकली आणि मशीनमागे वाटा ठरवून घेतला. त्याच वर्षी सिंगरचा वकील भागीदार एडवर्ड क्लार्क याने मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. आमच्या झोक्यांवरच्या बंदीचं मूळ तिथे आहे.

चारही अभ्रे झाले. एकावर तेलाचा डाग आहे, तो पाहुण्यांना द्यायचा नाही.

रात्री आईला फोन केला. उलटी सुई, चर, फासा, शटलची चोच, हंट, हाऊ, फळ्यांच्या ढिगावर बसलेला सिंगर, वर-पलीकडे-खाली-अलीकडे, सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मला शिकवताना ती शेजारी बसायची आणि दर दोन मिनिटांनी माझा मागचा हात कापडावरून काढायची. "ओढू नकोस गं, त्याचं ते नेतंय."

"ते सगळं ठीक आहे," आई म्हणाली. "पण मुळात सुई तुटली कशी?"

मी गप्प.

"ओढलंस ना?"