तळं गुलाबी दिसेल का?

केनियात, नैरोबीत राहायला आल्यापासून नात्यातल्या, ओळखीतल्या आणि ओळखीतल्यांच्या ओळखीतल्या माणसांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे. "नाकुरूला गेलो तर ते गुलाबी तळं दिसेल ना?" फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. काठापासून मध्यापर्यंत फ्लेमिंगोच फ्लेमिंगो, पाणी दिसतच नाही. परवा नाशिकहून ताईचा फोन आला, तिनेही नमस्कार-चमत्कार उरकून हेच विचारलं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

बहुतेक दिसणार नाही. पण नाकुरूला जा.

आधी 'का नाही' ते सांगतो. नाकुरूचं पाणी सोड्याचं. बुलढाण्यातलं लोणार पाहिलं असेल तर पाण्याची जात लगेच कळेल. लोणार उल्केच्या आघाताने झालं, नाकुरू रिफ्ट व्हॅलीच्या खचलेल्या जमिनीत साचलं, एवढाच फरक. दोन्हीकडे पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. अशा पाण्यात स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ माजतं आणि छोटा फ्लेमिंगो जगतो तो त्याच्यावर. मान खाली घालून, चोच उलटी धरून दिवसभर पाणी गाळत बसतो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच आलेला.

२०१० नंतर रिफ्टमधली तळी फुगायला लागली. नाकुरू एकटंच नव्हे, नैवाशा, बोगोरिया, बारिंगो, सगळीच. पाऊस वाढला, वरच्या डोंगरांतली जंगलं तुटली, गाळ खाली आला. जमिनीच्या पोटातल्या हालचालींकडेही काही जण बोट दाखवतात. नाकुरूचं तळं आधी ४० चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, ते दहा वर्षांत ६५ च्या पुढे गेलं. तळं राष्ट्रीय उद्यानात आहे; त्या उद्यानाचं जुनं मुख्य फाटक पाण्याखाली गेलं, काठाने जाणारे रस्तेही गेले. पाणी वाढलं तसा खारेपणा पातळ झाला, शेवाळ कमी झालं आणि फ्लेमिंगो उठून बोगोरियाला गेले. त्यांना उद्यानाच्या पाटीशी काय देणंघेणं?

मी इथे नवा होतो तेव्हा काठावर पिवळ्या सालीच्या बाभळींचं दाट रान होतं. इंग्रज त्यांना 'तापाची झाडं' म्हणत. ही झाडं दलदलीत वाढतात, दलदलीत डास असतात, आणि बिचाऱ्या झाडांवर मलेरियाचा आळ आला. आज त्यातली कितीतरी गुडघाभर, कंबरभर पाण्यात वाळून उभी आहेत. फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उदास वाटलं होतं. आता तेही तळ्याचंच एक रूप वाटतं. पेलिकनही भरपूर आहेत. मागच्या शतकाच्या मध्यावर डास आटोक्यात यावेत म्हणून मागाडी तळ्यातले मासे आणून इथे सोडले आणि माशांमागे पेलिकन आले.

तर थवे पाहायचेच असतील तर नाकुरूहून उत्तरेला दीड-दोन तासांवरच्या बोगोरियाला जा. वाटेत विषुववृत्त लागतं, तळ्याकाठी उकळत्या पाण्याचे झरे आहेत. अर्थात पक्षी तिथेही लेखी हमी देत नाहीत. आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझा एक मित्र ऐरोलीचा. तो खास फ्लेमिंगो बघायला साडेचार हजार किलोमीटर उडून आला. हाच छोटा फ्लेमिंगो त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंनी उतरतो. त्याने एकदाही पाहिलेला नव्हता.

मग नाकुरूला जायचं कशाला? गेंड्यांसाठी. हे उद्यान छोटं, १८८ चौरस किलोमीटरचं, आणि चारी बाजूंनी विजेच्या कुंपणाने बंद आहे. कारण कुंपणाला लागून नाकुरू शहर आहे. उंच जागी उभं राहिलं की एकीकडे म्हशी चरताना दिसतात आणि दुसरीकडे पत्र्याची छपरं. काहींना हे खटकतं. 'हे काय जंगल?' म्हणतात. पण या कुंपणामुळेच १९८० च्या दशकात इथे गेंड्यांचं अभयारण्य करता आलं. शिंगासाठी केनियातले काळे गेंडे तेव्हा जवळजवळ संपत आले होते. आज इथे काळे आणि पांढरे दोन्ही आहेत. रंगावर जाऊ नका, दोघेही चिखलाच्याच रंगाचे. तोंड बघा. पांढऱ्याचं रुंद आणि चपटं, तो गायीसारखा मान खाली घालून गवत खातो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, तो झुडपांचा पाला ओरबाडतो. पांढरे तळ्याकाठच्या मोकळ्या गवतात पाच-सहाच्या घोळक्याने निवांत सापडतात. काळा मात्र झाडीत असतो आणि दिसला तर नशीब. मला इतक्या फेऱ्यांत मोजून चार वेळा नीट दिसलाय. एकदा तर नुसतं झुडूप हलत होतं आणि ड्रायव्हर "किफारू, किफारू" म्हणत होता. किफारू म्हणजे गेंडा. आम्ही वीस मिनिटं ते झुडूप पाहिलं.

सिंह आहेत, बिबटे आहेत, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे रॉथशिल्ड जिराफ आहेत. हत्ती नाहीत. ड्रायव्हरला हत्ती दाखव म्हणून छळू नका.

आता बेत. मुलांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये म्हणून बहुतेक मराठी घरं तेव्हाच यायचं म्हणतात. नेमका तोच इथला मोठा पाऊस. हॉटेलं स्वस्त मिळतात हे खरं, पण गवत वाढलेलं असतं आणि गाड्या रुततात. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर चांगले. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर सोन्याहून पिवळं. नोव्हेंबरात पुन्हा छोटा पाऊस असतो, पण तो सोसण्यासारखा.

आपल्याकडच्या सहलींत नाकुरूला बहुधा मसाई मारा या प्रसिद्ध अभयारण्याच्या वाटेवरचा थांबा करतात. दुपारी पोचा, जेवा, एक चक्कर मारा, सकाळी उठून निघा. यात सकाळ जाते आणि इथे सगळं सकाळीच असतं. फाटक सहाला उघडतं. तेव्हा आत असाल तर काठावरचं धुकं उठताना गेंडे भेटतात. दहानंतर प्राणी सावलीत आणि माणसं पेंगुळलेली. म्हणून एक अख्खी सकाळ नाकुरूला द्या, मारातली एक दुपार कमी करून द्या. नैरोबीपासून अंतर १६० किलोमीटरच आहे, पण घाटात ट्रकांची रांग लागते, तीन-चार तास धरा. गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळेल एवढीच माणसं घ्या. माझ्या एका मेहुण्यांना सहलवाल्यांनी मधल्या सीटवर बसवलं होतं. ते अजून मला सिंहाच्या शेपटीचं वर्णन ऐकवतात.

खाण्याची काळजी नको. इथे चपातीला चपातीच म्हणतात आणि मुगाची उसळ एन्देंगू या नावाने कुठेही मिळते. रेल्वे बांधायला भारतातून आलेल्या मजुरांमागून दुकानदार आले, त्यामुळे नाकुरूत भारतीय घरं शंभर वर्षांपासून आहेत. तरी तुम्ही थेपले आणणारच. आणा, पण डब्यात. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलची बाटली घ्या. बबून क्लिफ या उद्यानातल्या कड्यावर डबा उघडू नका. बबून म्हणजे मोठी माकडं. त्या जागेचं नाव उगीच पडलेलं नाही. आमची अर्धा किलो भाकरवडी तिथेच गेली.

स्वेटर लागतो. तळं समुद्रसपाटीपासून १७५० मीटरवर आहे. जुलैच्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत कानटोपी न घातलेला माणूस मी एकच पाहिलाय, आणि तो पुढच्या दिवशी खोलीतच होता.

कागदपत्रांत आता व्हिसा नाही. जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. खरी मेख आहे ती पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीत. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया लशीचा दाखला मागत नाही. मागते ती मुंबई, परत आल्यावर! दाखला नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथे वार आणि वेळ ठरलेली असते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण ती जिवंत लस आहे.

ताईचं विमानाचं तिकीट ऑक्टोबरचं झालंय. कानटोप्या विणून तयार आहेत म्हणते. लशीचं विचारलं की म्हणते, बघू.