टक्केवारीत न मावलेली वस्ती

गुढीपाडव्याच्या आसपास बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगराळ भागातली गावे पुन्हा भरू लागतात. दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर गेलेली ऊसतोड कुटुंबे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल फेडून, किंवा न फिटलेली उचल डोक्यावर घेऊन, परत येतात आणि आमच्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी वाढते. त्या गर्दीत अंगदुखी, जुने खोकले, बाळंतिणींचा रक्तक्षय हे सगळे असतेच. परंतु एका एप्रिलमध्ये जे आले, ते गर्दीत येऊन बसले नाही. ते वस्तीवरच राहिले आणि आशाताईंनी दूरध्वनी केला नसता तर आम्हांला आणखी आठवडाभर तरी कळले नसते. "मॅडम, वस्तीवर चार-पाच लेकरं तापलीत, अंगावर पुरळ आहे, आणि घरची माणसं दवाखान्यात आणायला तयार नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या. एका तालुक्यात चार आठवड्यांत पाच किंवा अधिक संशयित रुग्ण आढळले की गोवराचा उद्रेक समजावा, असा नियम आहे. त्यामुळे दूरध्वनी ठेवताच सिस्टरांना बरोबर घेऊन मी निघाले.

पहिल्या घराच्या चौकटीला कडुलिंबाच्या डहाळ्या लावलेल्या होत्या. आत तीन वर्षांची मुलगी अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे मिटून पडली होती; डोळे लाल, नाक वाहणारे, खोकला कोरडा. कानामागून सुरू झालेले पुरळ आता पोटापर्यंत उतरले होते. शेजारच्या घरात ज्या मुलाला नुसताच ताप होता, पुरळ अजून उठले नव्हते, त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. हे ठिपके पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि लवकरच विरतात, म्हणून ते सहसा डॉक्टरांच्या दृष्टीस पडत नाहीत. ते पाहिल्यावर मला प्रयोगशाळेच्या अहवालापूर्वीच गोवराची खात्री झाली. तरीही रक्ताचे आणि घशातल्या स्रावाचे नमुने घेतले, कारण ताप-पुरळाचे इतर आजारही असतात आणि शासकीय नोंद डोळ्यांच्या खात्रीवर होत नाही.

तिसऱ्या घरात सात महिन्यांचे बाळ होते. त्याची आई त्याला पदराखाली घेऊन बसली होती, पण ते दूध ओढत नव्हते. मी घड्याळ लावून श्वास मोजले. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शक्यता, आणि हे बाळ त्याच्या बरेच पुढे होते. बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. गोवराने दगावणारी लहान मुले बहुतेक वेळा पुरळाने नव्हे, तर अशा न्यूमोनियाने आणि अतिसाराने दगावतात.

त्याची आजी दाराशी आडवी झाली. "बाई, गोवर पुरता निघाला न्हाई अजून. सुई दिली तर आत दबंल," ती म्हणाली. या समजुतीला मी हसत नाही. पुरळ उठल्यावर काही दिवसांनी ताप उतरतो हे या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे, त्यांनी लावलेला अर्थ तेवढा चुकलेला आहे. मी म्हटले, "आजी, पुरळाला मी हात लावत नाही, त्याला निघायचे तसे निघू द्या. मला त्याच्या छातीची काळजी आहे. हा खड्डा पडतोय तो बघा." तिने वाकून पाहिले आणि काही न बोलता बाजूला झाली. या वयाला ठरलेली एक लाख युनिट जीवनसत्त्व 'अ'ची मात्रा बाळाला तोंडाने दिली, प्रतिजैविकाचा पहिला डोस दिला आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून त्याला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी द्यायची 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून दिली.

रुग्णवाहिका गेल्यावर आम्ही घरोघर लसीकरणाची कार्डे मागू लागलो. काही कार्डे पत्र्याच्या पेटीत सापडली, काही सापडलीच नाहीत. जी सापडली त्यांवर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी होत्या, कारण त्या वेळी कुटुंब गावात होते. नवव्या महिन्यानंतरचा गोवर-रुबेला (रुबेला हा पुरळाचाच दुसरा आजार) लसीचा रकाना मात्र एकामागून एक कोरा निघाला. ते महिने कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, गेले होते. कारखान्याच्या गावातल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत ही मुले बाहेरची होती आणि आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा होता. दोन्ही ठिकाणच्या वह्या आपापल्या परीने बरोबर होत्या.

आजार आला कुठून, हे या मजुरांना कारखान्यावर नेणाऱ्या मुकादमाशी बोलताना उलगडले. सगळी कुटुंबे साधारण दोन आठवड्यांपूर्वी एकाच टेम्पोतून परतली होती आणि त्या टेम्पोत एक मूल तापाने फणफणत होते. घरी पोहोचल्यावर त्याला पुरळ उठले. गोवराचा संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात आणि रुग्ण पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग पसरवतो, म्हणजे हिशोब अगदी जुळत होता. हा विषाणू हवेतून पसरतो, रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथे टिकू शकतो. रात्रभर एकमेकांच्या मांडीवर झोपलेल्या, लस न घेतलेल्या मुलांपैकी त्याच्या तावडीतून फारसे कोणी सुटण्याची शक्यता नव्हती.

येथे मला लसीकरणाच्या टक्केवारीच्या आढावा बैठकांविषयी थोडे बोलायचे आहे. ज्या समाजात कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, तेथे गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. साथ वाढू नये यासाठी त्या अठरांपैकी सतरा जण आधीच सुरक्षित असावे लागतात, आणि ९५ टक्के हे उद्दिष्ट याच हिशोबातून आलेले आहे. नवव्या महिन्यातल्या एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते, म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस देतात. परंतु हजार बालकांपैकी पन्नास राहिली आणि ती पन्नास गावांत विखुरलेली असली तर साथ पेटत नाही. तीच पन्नास एका डोंगरकुशीत, एका टेम्पोत, एका कोपीवर एकत्र असली तर टक्केवारी तीच राहते आणि साथ मात्र पेटते. विषाणूला तालुक्याची सरासरी ठाऊक नसते. आमच्या तालुक्याच्या आकड्यांविषयी बैठकीत कधी कोणाची तक्रार नव्हती, हे मला त्या दुपारी वारंवार आठवत होते.

सर्वांत जास्त त्रास झाला तो सात महिन्यांच्या बाळाचा, कारण त्याच्याबाबत कोणाचाही डोस चुकलेला नव्हता. आईकडून गर्भातच मिळालेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने) पहिले काही महिने बाळाला राखतात आणि हळूहळू ओसरतात. ती शिल्लक असताना लस दिली तर ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात, म्हणून आपल्याकडे नऊ महिने पूर्ण होईपर्यंत थांबतात. मधल्या त्या फटीत बाळ केवळ आजूबाजूच्या मुलांच्या लसीवर सुरक्षित असते.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सत्र लावले. जिल्ह्याच्या सूचनेप्रमाणे नऊ महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक बालकाला आधीचे डोस न पाहता एक जादा डोस द्यायचा होता. उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढे होता आणि ही लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते. उष्णता आणि उजेड दोन्ही तिला मारक. दोन ते आठ अंशांत ठेवलेली कुपी द्रावणात मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका मुलासाठी कुपी फोडायला कर्मचारी कचरतात आणि 'पुढच्या सत्राला या' म्हणतात, नियम तसा नसतानाही. स्थलांतर करणाऱ्या आईच्या बाबतीत ते पुढचे सत्र बहुधा सहा महिन्यांनी येते.

लोक जमले, पण हात पुढे येईनात. मुकादम म्हणाला, "ज्यांना गोवर आला त्यांचं ठीक, चांगल्या लेकरांना कशाला टोचायचं?" मी प्रतिपिंडे आणि स्मृतिपेशी यांविषयी सोपे करून सांगू लागले होते, की दुर्बल विषाणू शरीरात थोडा वाढतो, आजार करत नाही, आणि खरा विषाणू आला की तयार पेशी त्याला पसरण्याआधीच गाठतात. सिस्टर स्वतः ऊसतोड कुटुंबातल्या. त्यांनी मला थांबवले आणि त्याला विचारले, "भाऊ, उसाला आग लागली तर ती कुठं थांबते?" तो म्हणाला, "तोडून नांगरलेल्या पट्ट्यापाशी." "मग ही लस टोचलेली लेकरं म्हणजे नांगरलेले पट्टे. मधी कोवळा ऊस उभा आहे, कालच अंबाजोगाईला गेला बघा." मुकादमाने आपली नात पुढे केली. त्यानंतर रांग लागली.

बाळ सावरून परतले. मोठ्या मुलांच्या आयांना मी पुढचे काही महिने जपायला सांगितले, कारण गोवर इतर आजारांविरुद्धची कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गोवर होऊन गेलेल्या मुलांची आधीची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली होती. लसीतला दुर्बल विषाणू अशी पुसापुशी करत नाही.

जूनमध्ये बाळाला नऊ महिने झाले आणि त्याची आई उपकेंद्रात आली. "याला तर गोवर येऊन गेला, मॅडम. आता परत सुई कशाला?" हा प्रश्न रास्त होता. तिला सांगितले की या एकाच सुईत रुबेलाचीही लस आहे, तो आजार त्याला झालेला नाही, आणि गोवर होऊन गेलेल्याला ही लस दिल्याने अपाय होत नाही. सिस्टरांनी लस टोचली, जीवनसत्त्व 'अ' पाजले आणि दुसऱ्या डोसाचा महिना बोटांवर मोजला. तो जानेवारीत येत होता, ऐन तोडणीच्या हंगामात. मुकादमाला दूरध्वनी करून या वर्षी कोणता कारखाना ते विचारले, त्या गावच्या आरोग्य केंद्राचे नाव कार्डावर लिहिले, आणि कार्ड पेटीत न ठेवता बरोबर न्यायला सांगितले. दसऱ्यापूर्वी वस्तीवरच्या उरलेल्या कार्डांवरही तशीच नावे लिहून झाली.