अंजनवेलच्या जेटीला कुठलं जहाज लागलंय?

परराष्ट्र धोरणाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा फोटोंवर चालते. कोणी कोणाला मिठी मारली, कोण कोणाच्या उजव्या हाताला उभा राहिला. मला विचाराल तर त्याऐवजी गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या जेटीकडे बघावं. तिथे कुठल्या देशाचा गॅस उतरतोय आणि कुठल्या अटींवर, यातून जगात कोणाचं पारडं जड होतंय ते बरंच लवकर कळतं. (इथल्या गॅस प्रकल्पाला सगळे दाभोळ म्हणतात. मूळ दाभोळ खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात.)

आधी मालाची ओळख. एलएनजी म्हणजे उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. द्रव झाल्यावर तो सुमारे ६०० पट कमी जागा घेतो, म्हणून जहाजाने नेणं परवडतं. १ लाख ७० हजार घनमीटरच्या जहाजात साधारण ७५ हजार टन माल मावतो. व्यवहार मात्र टनात होत नाही, उष्णतेवर होतो. एका टनाला सुमारे ५२ एमएमबीटीयू (हे उष्णतेचं माप; गॅसचा दर याच मापामागे सांगतात), म्हणजे एका जहाजात ३९ लाखांच्या आसपास. दरात एका डॉलरचा फरक पडला की एका खेपेमागे ३९ लाख डॉलर इकडचे तिकडे. मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा दराच्या सूत्राला किंमत का, ते इथे कळतं.

सूत्रं मुख्यतः दोन. कतारचा गॅस कच्च्या तेलाशी बांधलेला. समजा उतार (तेलाच्या पिंपाच्या दराच्या किती टक्के गॅसचा दर) १२.५ टक्के धरला, तर तेल ८० डॉलर असताना गॅस १० डॉलर आणि तेल ६० वर आलं की साडेसात. अमेरिकेचा गॅस हेन्री हब या तिथल्या बाजारभावाशी बांधलेला. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने २०११ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सबाइन पासच्या प्रकल्पाशी वर्षाला ३५ लाख टनांचा, २० वर्षांचा करार केला. दर: हेन्री हबच्या ११५ टक्के, अधिक द्रवीकरणाचे ३ डॉलर. हब ३ असेल तर ६.४५, हब ६ झाला तर ९.९०. जहाजाचं भाडं आणि वाटेत उडून जाणारा गॅस यावर वेगळा. तेव्हा तेल शंभरीपार होतं, त्यामुळे हिशेब झकास दिसत होता. पण अमेरिकेतून पहिलं जहाज दाभोळला लागलं ते ३० मार्च २०१८ ला, आणि मधल्या काळात तेल कोसळून गेलं होतं. बोलणी एका जगात होतात, माल दुसऱ्याच जगात उतरतो. दीर्घ मुदतीच्या करारांचा हा जुनाच रोग आहे.

तरी अमेरिकी करारात एक मोठी सोय होती, जिची चर्चा फारशी होत नाही. माल तिथल्या बंदरावरच आपल्या ताब्यात येतो आणि तो कुठे न्यायचा यावर बंधन नाही. सबाइन पास ते दाभोळ सुएझमार्गे साधारण २५ दिवस. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि आफ्रिकेला वळसा घालायची वेळ आली, म्हणजे आणखी आठवडाभर. अशा वेळी अमेरिकेतला माल युरोपातल्या गिऱ्हाइकाला द्यायचा आणि त्याचा जवळचा माल आपण घ्यायचा, अशी अदलाबदल करता येते. कतारच्या धाटणीच्या जुन्या करारांत ही मुभा नसते, विक्रेत्याने ठरवलेल्या बंदरातच माल उतरवायचा. कतार चार-पाच दिवसांवर आहे हे खरं, पण तिथलं प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेनेच बाहेर पडतं.

आता ज्या दोन घटनांवर मी सगळ्यात जास्त भर देतो त्या.

पहिली २०१५ ची. पेट्रोनेट या एलएनजी आयात करणाऱ्या भारतीय कंपनीचा कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार होता आणि दर तेलाच्या तब्बल ६० महिन्यांच्या सरासरीवर ठरत होता. तेल कोसळलं तरी सरासरी काही उतरेना. करारातला गॅस १२-१३ डॉलरला, बाजारातला ६-७ ला. पेट्रोनेटने करारापेक्षा कमी माल उचलायला सुरुवात केली. करारात ‘टेक ऑर पे’ होतं: घ्या, नाहीतर पैसे भरा. दंड १२ हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. कतारने तो वसूल केला असता तर कायद्याने कोणी बोट ठेवलं नसतं. पण तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचा नवा माल बाजारात येऊ घातला होता आणि मोठं गिऱ्हाईक दुखावणं कतारला परवडणार नव्हतं. ३१ डिसेंबर २०१५ ला सरासरी ६० महिन्यांवरून ३ महिन्यांवर आली, दंड माफ झाला आणि बदल्यात आपण वर्षाला आणखी १० लाख टन घ्यायचं कबूल केलं. बाजार गिऱ्हाइकाचा असला की कलमं अशी वाकतात.

दुसरी २०२२ ची, उलट्या दिशेची. गेलचा गाझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्या सिंगापूरच्या कंपनीशी वर्षाला सुमारे २५ लाख टनांचा करार होता. ही कंपनी जर्मनीतल्या गाझप्रॉम गेर्मानियाच्या पोटातली. युक्रेनवर हल्ला झाल्यावर एप्रिलमध्ये जर्मन सरकारने गेर्मानिया ताब्यात घेतली. मे महिन्यात रशियाने त्याच कंपनीवर आणि तिच्या उपकंपन्यांवर निर्बंध लादले. झालं: विकणारी कंपनी जर्मनांची, गॅस रशियाचा, आणि करार भारताशी. ना आपण निर्बंध लादले, ना आपल्यावर कोणी लादले, तरी जहाजं थांबली. गेलला खतकारखान्यांचा आणि उद्योगांचा पुरवठा कापावा लागला. अलिबागजवळच्या थळसारखे युरियाचे कारखाने गॅसवरच चालतात, म्हणजे हा प्रश्न थेट शेतापर्यंत येतो.

इथे नेमकं काय बिघडतं ते बघा. माल न दिल्याचा दंड साधारणपणे करारातल्या दराच्या काही टक्क्यांवर मर्यादित असतो. उदाहरणादाखल दर १० डॉलर आणि दंड २० टक्के धरा. विक्रेत्याला भरायचे २ डॉलर. बाजारात तोच माल ४० ला विकला जात असेल तर त्याने दिलेला शब्द पाळण्यात त्याचं २८ डॉलरचं नुकसान! गिऱ्हाइकाला माल न मिळाल्याचा खड्डा ३० चा, भरपाई २ ची. गेलने पुढे लवादात सुमारे १८० कोटी डॉलरचा दावा लावला आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. यात मित्रदेश-शत्रुदेश असं काही नव्हतं. दंडाचं कलम तकलादू होतं, बस्स. पुढचा कुठलाही मोठा करार झाला की मी आधी हेच कलम शोधतो, आणि ते जाहीर करत नाहीत हेही सांगून ठेवतो.

‘मग रशियाचं तेल चालतं, गॅस का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. तेलावर पाश्चात्त्यांनी सरसकट बंदी घातली नव्हती. डिसेंबर २०२२ पासून ६० डॉलरची दरमर्यादा होती, तिच्या आत व्यवहार करायला वाट होती. आर्क्टिक एलएनजी-२ हा रशियाचा गॅस प्रकल्पच मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेला. त्याचा माल भारताने घेतला नाही. चीनने ऑगस्ट २०२५ मध्ये बेहाईच्या बंदरात उतरवून घेतला. अमेरिकेच्याच गॅसचे २० वर्षांचे करार खिशात असलेल्या देशाला ती चैन परवडत नाही. आणि तरीही त्याच महिन्यात रशियन तेलापायी अमेरिकेने आपल्यावर जादा २५ टक्के आयातशुल्क लावलं, एकूण ५० टक्के. रत्नागिरीतून गोठवलेली मासळी पाठवणाऱ्याने ना रशियाचं तेल घेतलं, ना गॅस; फटका बसला तो त्यालाही.

राहिली आपल्या घरची बाजू, म्हणजे समुद्र. दाभोळची क्षमता कागदावर वर्षाला ५० लाख टन. पण ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा समुद्रातला बांध) अपुरा राहिल्यामुळे वर्षानुवर्षं मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जहाजच लावता येत नव्हतं. नैर्ऋत्येची लाट आली की जहाज जेटीशी हलतं आणि माल उतरवायचे नळ जोडून ठेवणं धोक्याचं होतं. मच्छीमारांच्या होड्या नारळी पौर्णिमेला निघतात, एलएनजीचं जहाज तेव्हा त्याच्याही नंतर लागायचं. टाक्या तीन, प्रत्येकी १ लाख ६० हजार घनमीटरच्या, म्हणजे जेमतेम तीन जहाजांचा साठा, त्यातूनही रोज थोडा गॅस उडत असतो. कच्च्या तेलासाठी पाडूर, मंगळूर आणि विशाखापट्टणमला मिळून ५३ लाख टनांची भूमिगत कोठारं आहेत. गॅसला तसं काही नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीचं कुठलं जहाज कुठल्या तारखेला, हे आदल्या वर्षीच विक्रेत्याशी ठरवून टाकावं लागतं, आणि पावसाळ्यातली जहाजं तेव्हा गुजरातच्या दहेजकडे वळवावी लागायची. चार महिने बंद राहणाऱ्या बंदराच्या जोरावर घासाघीस करता येत नव्हती, हे समोरच्याला आपल्याइतकंच ठाऊक असायचं. माझ्या मते दाभोळच्या ब्रेकवॉटरला परराष्ट्र खात्याच्या अर्धा डझन दौऱ्यांइतकं महत्त्व आहे.

कतारचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा २० वर्षांसाठी, २०२८ ते २०४८, वाढवला गेला. त्यानंतर आठवडाभरातच कतारच्या तुरुंगातले भारताचे आठ माजी नौसैनिक सुटल्याचं जाहीर झालं. दोन्ही तारखा शेजारी ठेवून गोष्ट रचायचा मोह अनेकांना झाला. असे करार संपायच्या काही वर्षं आधीच नव्याने ठरवायला घेतात, त्यामुळे निव्वळ तारखांवरून काही सिद्ध होत नाही.

शेवटचा मुद्दा, बातमी वाचताना. ‘सामंजस्य करार’ असा शब्द दिसला तर प्रमाण, दर आणि दंड शोधा. बहुधा तिन्ही नसतील. २०१८ च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियाची तेल कंपनी अरामको आणि जूनमध्ये अबुधाबीची अ‍ॅडनॉक नाणारच्या ६ कोटी टनांच्या रिफायनरीत भागीदार व्हायला पुढे आल्या, तेव्हा झाले ते असेच करार. मार्च २०१९ मध्ये राज्य सरकारने तिथल्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. अरामकोला यात एका पैशाचा दंड भरावा लागला नाही, आणि आपल्यालाही नाही.