आषाढाच्या हिशेबाने ब्रॉयलर

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला आणि आमच्या कोंबड्यांचं गणित पुढं सरकलं. आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला, बुधवारी. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, त्याच्या आत खुराडं रिकामं व्हायला हवं. मागून मोजत आले तर पिल्लं २८ जूनच्या रविवारी घरात पाहिजेत. म्हणजे २ ऑगस्टला ती ३५ दिवसांची होतात आणि ९ तारखेला ४२ दिवसांची. २९ जूनला वटपौर्णिमा. उपवास मला, गुळाचं पाणी पिल्लांना.

घरी खाण्यापुरत्या ब्रॉयलर पाळते म्हटलं की लोक आधी खाद्य विचारतात, मग औषध. कापायच्या कधी, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. गावठी कोंबडी आज नाही कापली तर पुढच्या महिन्यात कापता येते, तोवर अंडी देते, उकिरडा उकरते, तिचं काही बिघडत नाही. ब्रॉयलरला ही सवलत नाही. अंगावर मांस चढायच्या वेगाला तिचे पाय आणि काळीज पुरत नाही. सहा आठवडे उलटले की ती खाद्याच्या भांड्याशी बसूनच राहते, खाते पहिल्यापेक्षा जास्त आणि त्या मानानं वजन धरते कमी. काही लंगडतात, एखादीच्या पोटात पाणी होतं, एखादी सकाळी उताणी सापडते. 'अजून आठ दिवस राहू द्या, मोठी होतील' म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी खाद्याचं पोतं दाखवते.

आता आमच्या घरचे वार बघा. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. रविवार जोतिबाचा म्हणून पाळणारी घरंही गावात आहेत. आमचं त्यातलं नाही, नाहीतर आमच्या दावणीला ब्रॉयलर म्हाताऱ्या झाल्या असत्या. म्हणून मी पिल्लांची तारीख दुकानदाराच्या सोयीनं घेत नाही, कालनिर्णय उघडून घेते. कापायच्या तारखा दोन, पाच, नऊ आणि बारा ऑगस्ट. आधी थोराड कोंबडे, मग मागं राहिलेल्या.

हे सगळं शिकले ते धाकट्या दिरांकडून. त्यांचं कंपनीच्या करारावरचं शेड आहे: पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड, वीज आणि राबणं आपलं, आणि किलोमागं ठरलेली मजुरी. त्या शेडच्या आवारात दुसरी कोंबडी ठेवायला परवानगी नसते, रोग इकडचा तिकडं जाऊ नये म्हणून. त्यामुळं माझं खुराडं आमच्या परसात, त्यांच्यापासून लांब. भावजी माझ्याकडं आले की चपला फाटकाशी काढून आमच्या घालतात, आणि जाताना पाय धुऊन जातात. गावात याला हसतात. हसू देत.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी फुकट वाटल्या तरी लोक हात लावत नव्हते. त्या दिवसांत आमच्या घरी रोज कोंबडी शिजायची. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तेव्हा एक वाक्य टाकलं ते अजून घरात चालतं: "ह्या कोंबड्या न्हाईत गं, चाऱ्याच्या पिशव्या हाईत." खातात मात्र आवडीनं.

पिल्लांची पेटी शंभराची येते, वर दोन जादा. आम्ही ती शेजारच्या वहिनींबरोबर अर्धी-अर्धी करतो. एक पिल्लू जेमतेम ४० ग्रॅमचं, मुठीत धरलं तर नुसती धडधड लागते. आल्याबरोबर एकेकाची चोच पाण्यात बुडवायची, की त्याला पाणी म्हणजे काय ते कळतं. पाणी कोमट, थोडा गूळ घातलेलं. खायला पहिल्या दिवशी कागदावर पसरलेला मक्याचा भरडा. कागद गुळगुळीत नको. त्यावर पाय फाकतात आणि फाकलेले पाय मग जवळ येत नाहीत.

भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर, भोवती पत्र्याचं कडं, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात ऊब ९५ अंश फॅरनहाइट, पुढं आठवड्याला पाच-पाच अंशांनी कमी. थर्मामीटर टांगलेलं असतं, पण मी पिल्लांकडंच बघते. बल्बखाली एकमेकांवर चढून गठ्ठा झाला की गारठलीत. कड्याला चिकटून चोच उघडी टाकली की उकडतंय. सगळीकडं पांगून खात-पीत असली की आपण झोपायला मोकळे. रात्री वीज गेली तर मात्र झोप नाही. गठ्ठ्यात खालची पिल्लं गुदमरतात. त्यासाठी कोळशाची शेगडी आणि पत्र्याची घमेली तयार ठेवते, आणि शेगडी पेटली की खिडकी उघडी, नाहीतर धुरानं आणखी घात.

लशीचं एक गमतीदार आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस लासोटा सातव्या दिवसाच्या आसपास, डोळ्यात एक थेंब. गम्बोरो रोगाची लस चौदाव्या दिवसाला, मग लासोटाचा दुसरा डोस पाण्यातून. कुपी मात्र शेकड्यानं डोसांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. पन्नास पिल्लांना ती उघडायची म्हणजे निम्मी ओतून द्यायची. म्हणून आमच्या गल्लीत लशीचा एकच दिवस असतो. बर्फ घातलेला चहाचा थर्मास आधी आमच्याकडं, मग वहिनींकडं, मग कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या गावठी कोंबड्यांकडं. डोळ्यात थेंब टाकला की पिल्लू पापणी मिटतं. ती उघडून थेंब आत जिरेपर्यंत सोडायचं नाही. नुसता टाकून सोडलं तर लस गालावरून खाली. पाण्यातून द्यायची असेल तर पिल्लांना आधी थोडं तहानलेलं ठेवायचं, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नको, आणि चिमूटभर दुधाची पावडर घालायची, त्यानं लस टिकते.

इंजेक्शन देऊन फुगवतात, हे मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. हजारो पक्ष्यांना एकेक धरून रोज सुई टोचायला माणसं कुठून आणायची, आणि परवडायचं कसं? वाढ आहे ती जातीत आणि खाद्यात. पिढ्यान्पिढ्या लवकर वाढणारे पक्षी निवडून ही जात तयार झाली. काळजी करायचीच तर औषधाची करा. अँटिबायोटिक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबून मगच कापायचं. ते दिवसही माझ्या तारखांत बसवावे लागतात, त्यामुळं महिन्याभरानंतर कोंबड्या आजारी पडू नयेत एवढंच बघते. पावसात तूस ओलं झालं की रक्ती हगवण आलीच. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस रोज हलवायचं, गच्च झालं की काढून टाकायचं. नाकाला अमोनिया लागला म्हणजे आपल्याला उशीर झाला. कोंबडी मान खाली घालून त्यातच श्वास घेत असते.

स्वस्त पडतं का? नाही. कंपनी खाद्य टनानं घेते, मी पोत्यानं. सव्वादोन किलोच्या एका कोंबडीला पावणेचार किलोच्या आसपास खाद्य जातं, म्हणजे पन्नासांना पन्नास किलोची जवळजवळ चार पोती. एका कोंबडीतून कातडं काढून हाती येतं साधारण दीड किलो. दुकानातली तेवढ्यातच मिळते, कधी कमीत. मी पाळते कारण आखाडात घरात तीस-चाळीस माणूस जेवतं आणि तेव्हा दुकानासमोर रांगेत उभं राहायचा मला कंटाळा आहे.

कापायला मुलाणी चाचा येतात. आदल्या रात्री खाद्य काढून घ्यायचं, पाणी ठेवायचं, म्हणजे पोट रिकामं आणि साफ करताना घाण नाही. पहाटे अंधारात कोंबड्या धरायच्या, तेव्हा त्या पळत नाहीत, फडफड होत नाही. कातडं ठेवायचं असेल तर पाणी उकळतं नको, हात घातला तर चटका बसून लगेच काढावा लागेल इतपतच. उकळत्यात बुडवली तर कातडं शिजतं आणि पिसांबरोबर सोलून येतं. कापली की लगेच पातेल्यात टाकू नये. दोन-तीन तास गार जागी ठेवली तर मांस सैल पडतं. कलेजी-पेटा मात्र तेव्हाच तव्यावर, मीठ-मिरी लावून, कापणाऱ्यांचा पहिला मान.

आत्तींची एक तक्रार खरी आहे: ब्रॉयलरचा तांबडा रस्सा पांचट होतो. वीस-पंचवीस मिनिटांत मांस शिजतं, हाडातून काही उतरायच्या आत. त्यामुळं ब्रॉयलरचं सुक्कं करायचं, आणि रश्श्याला वेगळे गिरिराजा जातीचे कोंबडे. ते अंगणात फिरतात, तीन-चार महिने घेतात, चुलीवर तासभर शिजतात, आणि रश्श्यावर जो तवंग येतो तो बघून आत्ती काही बोलत नाहीत. यंदाचे गिरिराजा मार्चअखेरीस आणलेत. त्यातला एक आत्ताच वहिनींच्या दारात जाऊन झुंजायला लागलाय, त्याचा नंबर पहिला.

आता कामं उरलीत ती तुसाची. पाऊस लागला की मिलमध्ये ओलं तूस गळ्यात मारतात, म्हणून चार पोती जूनच्या पहिल्या आठवड्यातच आणून माळ्यावर टाकायची. बल्ब दोन गेलेत. आणि चाचांना चारही तारखा आत्ताच सांगून ठेवायच्या, आखाडात ते अख्ख्या गावाचे असतात.