वेल्श शिपाई शोधताना नाव सोडा, नंबर धरा

पहिल्या महायुद्धात पडलेला वेल्श कामगार-शिपाई शोधायचा म्हणजे जोन्स, डेव्हिस, एव्हान्स यांच्या गर्दीत शिरायचं. म्हणून मी पद्धत आधी उत्तर माहीत असलेल्या माणसावर तपासून घेतली. एलिस हम्फ्री एव्हान्स, ट्राउसव्हनिदजवळच्या डोंगरी शेतावरचा मेंढपाळ. कवी म्हणून ‘हेद विन’. ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये पिल्केम रिजला मारला गेला.

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, मोफत यादीपासून. कवीचं टोपणनाव इथे बाजूला ठेवायचं. आडनाव, आद्याक्षरं, रेजिमेंट आणि तारीख घातली की सापडतो: प्रायव्हेट (साधा शिपाई), नंबर ६१११७, १५ वी बटालियन, रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स, आर्टिलरी वुड दफनभूमी. तो नंबर आधी उतरवून घ्या, पुढचं सगळं त्यावर चालतं. रेजिमेंटच्या नावातलं ‘वेल्श’ कुठे ‘सी’ने लिहिलेलं असतं, कुठे ‘एस’ने, दोन्ही घालून बघा.

सेवेच्या फाइलची फार आशा नको. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून अधिक फायली जळाल्या. वाचलेल्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ३६३’ या मालिकेत आहेत, काही कडा करपलेल्या. मग मेडल कार्ड, म्हणजे पदकांच्या नोंदीचं कार्ड, बघायचं. त्यावर १९१४ चा किंवा १९१४-१५ चा स्टार (पदक) यांपैकी एकही नसेल, तर गडी १९१५ संपेपर्यंत युद्धभूमीवर पोचलेला नव्हता. दोन नंबर दिसले तर दचकू नका: टेरिटोरियल (अर्धवेळ राखीव शिपायांच्या) बटालियनांना १९१७ च्या सुरुवातीला नवे नंबर दिले गेले.

माझ्या मते खरा ऐवज आहे ‘सोल्जर्स इफेक्ट्स’ रजिस्टरात. उरलेला पगार कुणाला दिला, आईला की विधवेला, ते तिथे कळतं. शिवाय युद्ध-ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे युद्धसेवेबद्दल मिळणाऱ्या बक्षिसाच्या, रकमेवरून भरतीचा महिना काढता येतो. परदेशी लढलेल्या साध्या शिपायाला पहिल्या १२ महिन्यांचे ५ पौंड, पुढे दर महिन्याला १० शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. रक्कम ८ पौंड असेल तर वरचे ३ पौंड म्हणजे ६ महिने, एकूण सुमारे १८. मृत्यूच्या तारखेपासून तेवढं मागे जायचं. रक्कम नेमकी ५ पौंड असेल तर हा हिशोब लागत नाही, कारण वर्षभराच्या आत कितीही महिने झाले तरी तेवढेच मिळत.

एकाच गल्लीत दोन जॉन जोन्स निघाले तर १९११ ची जनगणना कामी येते. वेल्समध्ये तिच्यात भाषेचा रकाना आहे: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. धंद्याच्या रकान्यात कोळसा तोडणारा वेगळा, घोडे हाकणारा वेगळा.

बटालियनची युद्धदैनंदिनी ‘डब्ल्यूओ ९५’ मध्ये मिळते. तिच्यात शिपायाचं नाव शोधत बसू नका. अधिकाऱ्यांची नावं असतात, बाकीच्यांचा बहुधा नुसता आकडा.